पूजेला बसलेली खार

पवित्रा कॉलेजातून घरी आली तेव्हा सरस्वतीपूजा आटोपली होती. बैठकीच्या कोपऱ्यात पाटावर घरातली पुस्तकं रचून ठेवली होती आणि त्यांच्यावर रेशमी उपरणं घातलं होतं. सवयीनं तिनं आपल्या टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं.

"अम्मा, इथलं चित्रांचं पुस्तक?"

"तेंही पूजेंत ठेविलें," तिच्या सासूबाई, सीतालक्ष्मी, नैवेद्याचं हरभऱ्याचं सुंडल वाटीत काढत आपल्या जुन्या दक्षिणी मराठीत म्हणाल्या. "तुझें कपाट सदा कुलुपांत. बाहेर होतें तेवढें तरी सरस्वतीस दाखविलें."

"त्याला चंदन लावलं?"

"चंदन-कुंकू लाविल्यावांचून पूजा होते काय?"

पवित्रा खुर्चीवर बसली. पुस्तक तिचं नव्हतं. चिन्नू खारीची जुनी चित्रपुस्तकं ती कित्येक वर्षं जमवत होती. लहानपणी साक्कोट्टैला आजोळी तिनं ती वाचली होती. कपाळावर टपोरं लाल कुंकू लावून गावभर उचापती करणारी ती खार आता कुणाला आठवतही नव्हती. सातवं पुस्तक कुठेच मिळेना, तेव्हा चेन्नईच्या रविशंकरांनी आपली प्रत स्कॅन करायला दिली. ते म्हातारे संग्राहक कुणालाच पुस्तक देत नाहीत, असं तिनं ऐकलं होतं. उद्या विजयादशमीला ते जवळच्या गोविंदपुरम्‌ला विठोबाच्या दर्शनाला येणार होते आणि जाताना पुस्तक घेऊन जाणार होते.

ती रसायनशास्त्र शिकवायची, त्यामुळे काय होणार ते तिला नीट दिसत होतं. या मालिकेतला लाल रंग पाण्यात सुटतो. तिच्याच चौथ्या भागावर एकदा पाण्याचा थेंब पडला होता, तर खारीचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. इथे तर ओलं चंदन, आणि वर नवऱ्याची जाडजूड कायद्याची पुस्तकं. चंदन वाळताना दोन मुखपृष्ठं एकमेकांना चिकटणार.

उपरण्याच्या कडेखालून पातळ पिवळा कणा दिसत होता. तिनं हात पुढे केला.

"उद्यां सकाळी पुनर्पूजा झाल्यावर," सीतालक्ष्मी मागून म्हणाल्या. "आज पुस्तकास हात नाही. शाळेंत शिकविलें नाही काय तुजला?"

पवित्रानं हात मागे घेतला. ओढून काढलं असतं तरी ओल्या कागदाचा वरचा थर सुटून आला असता. वाळू देणंच बरं होतं.

तिनं रविशंकरांना फोन लावला. "सर, पुस्तक पूजेत गेलं. चंदनसुद्धा लागलंय, असं वाटतं."

"उद्या बघू," एवढंच ते म्हणाले.

सकाळी ते आले. उंच, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी. सीतालक्ष्मींनी त्यांना खुर्ची दिली, पुस्तकांना कापूर ओवाळला, पूजा उतरल्याची खूण म्हणून पाट थोडा उत्तरेकडे सरकवला आणि उपरणं काढलं. एकेक पुस्तक त्या उचलून देऊ लागल्या. प्रत्येकावर वाळलेल्या चंदनाचा ठिपका आणि त्यात कुंकू. खारीवरचं कायद्याचं पुस्तक उचललं तेव्हा पवित्रानं कान दिला. कागद फाटल्याचा आवाज आला नाही.

चिन्नू खार पाटावरून तिच्याकडे बघत होती. पिवळं मुखपृष्ठ स्वच्छ होतं. पवित्रानं पुस्तक उलटून पाहिलं. मागची बाजूही कोरी होती.

"अम्मा, याला लावलं नाहीत?"

"तिच्या कपाळावर आहे की," सीतालक्ष्मी म्हणाल्या. "एवढें मोठें कुंकू लावून आलेलीस पुन्हा कशास लावूं?"

"काल म्हणालात ना, लावल्याशिवाय पूजा होत नाही?"

"होत नाहीच. तिनें लाविलें होतें म्हणूनच झाली."

पवित्राला हसू आलं आणि ते थांबेचना. रविशंकरांनी चष्मा काढून पुसला. "रात्रभर मी मुखपृष्ठाच्या दुरुस्तीचा विचार करत होतो," ते म्हणाले. "हिच्या कपाळाचा विचारच केला नाही."

"आतां सगळ्यांनी चार ओळी वाचायच्या," सीतालक्ष्मींनी बजावलं. "पाहुण्यांनीही."

रविशंकरांनी खारीचं पुस्तक उघडलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. खार मिठाईवाल्याच्या पातेल्यात पडते ते पान. सीतालक्ष्मी चुरमुरे पुढे करत म्हणाल्या, "मग? बाहेर आली काय?"

त्यांना ते शेवटपर्यंत वाचावं लागलं.

निघताना पायरीवर उभे राहून ते पवित्राला म्हणाले, "आठवा भागही आहे माझ्याकडे. पुढल्या आठवड्यात पाठवतो. फक्त त्याच्या मुखपृष्ठावर खारीनं टोपी घातलीय. कपाळ दिसत नाही."

"ते मी कपाटात ठेवीन, सर," पवित्रा म्हणाली.

"टोपी काढून ठेव म्हणावें तिजला," आतून सीतालक्ष्मी म्हणाल्या.