स्वतःच कमी केलेला पगार

उमेदवारीचं वर्ष संपलं आणि दातांच्या लॅबमध्ये धाकटीला कायम करायचं ठरलं. कवळ्या आणि कॅप बनवणाऱ्या त्या खोलीत ती वयाने सर्वांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. हात मात्र असा बसला होता की तिने केलेली दाढ डॉक्टरांकडून क्वचितच परत येई.

आदल्या दिवशी आईने बजावलं होतं, "पहिलीच नोकरी आहे. पैशांवरून तोंड वाजवू नकोस. देतील ते घे." हा सल्ला किती घरांतून, किती मायेने दिला जातो!

लॅबचे मालक, म्हणजे सगळ्यांचे सर, यांनी विचारलं, "बोल, किती अपेक्षा आहे?"

"वीस हजार."

सर नुसते चष्मा पुसत बसले. तेवढ्यानेच पोरगी घाबरून आकडा उतरवू लागली.

"म्हणजे... अठरा दिलेत तरी चालेल."

सरांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

"पंधराही चालतील, सर. शिकायला मिळतंय ना."

"समजूतदार आहेस," सर म्हणाले. एक शब्दही खर्च न करता त्यांनी दरमहा पाच हजार वाचवले होते! आणि धाकटी मात्र गड जिंकल्यासारखी बाहेर आली.

पुढच्याच महिन्यात ताईंनी पगारवाढ मागितली. ताई तिथल्या जुन्या कारागीर. मेणात दात कसा कोरायचा, हे धाकटीला त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं. त्या केबिनमधून बाहेर आल्या, अ‍ॅप्रन काढला आणि पिशवी भरू लागल्या.

"ताई, काय झालं?"

"सर म्हणाले, हेच काम धाकटी पंधरात करते. तुम्हाला पंचवीस तरी का द्यायचे?"

धाकटीचा चेहरा उतरला. "पण मी कुणाचं काय वाईट केलं? माझेच पैसे कमी घेतले ना!"

"तुझे एकटीचे कुठे होते ते?" ताई चिडल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. "तू आज घेशील, तोच उद्या या कामाचा भाव. वीस म्हणालीस तिथवर बरोबर होतं. मग गप्प बसायचं होतंस, बाई! मागायची लाज तुला वाटली. कमी द्यायची त्यांना वाटली का?"

ताई गेल्या. संध्याकाळी सरांनी धाकटीला बोलावलं. "ताईंचं टेबल आता तू सांभाळ. हजारभर वाढवू."

"त्या टेबलाचा पगार पंचवीस आहे, सर."

सरांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. धाकटीच्या जिभेवर 'वीस' आलेच होते. तिने ओठ घट्ट मिटले. शेवटी सरांनाच बोलावं लागलं.

"बाहेर मुलींची रांग आहे. पंधरात हसत येतील."

"येतील, सर. मीही तशीच आले होते. पण आता मला जमायचं नाही."

तिने नोकरी सोडली. चार दिवसांत तिच्या जागी दुसरी मुलगी आली, तीही चौदा हजारांत!

वाचकहो, मुलींना नम्रपणा जरूर शिकवा. पण कष्टाचा दाम मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, हेही त्याच मायेने सांगा. भीतीपोटी कमी घेणारी फक्त स्वतःचंच नुकसान करत नाही. तिच्याआधी आलेल्यांचं आणि तिच्यामागून येणाऱ्यांचंही ती मोल कमी करते, आणि मालकाला त्यासाठी तोंडसुद्धा उघडावं लागत नाही.