काळी पडणारी गोळी

भटेड गावच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. निर्विषबाबांनी अंगदुखीची पांढरी गोळी तळहातावर धरली आणि कुपीतल्या तांबूस अमृताचा थेंब तिच्यावर सोडला. गोळी काळीनिळी पडली.

"हेच विष गळ्यात साचतं," बाबा म्हणाले. "मग डॉक्टर त्याला थायरॉइड म्हणतात. गुडघा वाचवायला गेलात आणि गळा घालवून बसलात."

तृप्तादेवीचा हात गळ्याकडे गेला. गुडघ्यांसाठी ती कित्येक वर्षं हीच गोळी घेत होती आणि थायरॉइडही होतंच. घरी येताच तिनं अंगदुखीच्या गोळ्या चुलीत टाकल्या. पाठोपाठ थायरॉइडच्याही.

"अम्माजी, निदान त्या तरी ठेवायच्या," सून सुनैना म्हणाली. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"त्याही गोळ्याच ना? आणि अमृताच्या कुपीला शिवायचं नाही. मास्तरणीचा हात लागला की त्यातली शक्ती जाते, असं बाबाजींनी बजावलंय."

तृप्तादेवी रोज पाण्यातून अमृत घेऊ लागली. दीड महिन्यात तिचा चेहरा सुजला, भर उन्हाळ्यात अंगावर शाल आली. सुनेला टोमणा मारता मारता तिला झोप लागायची. "तुझ्या माहेरी..." एवढं म्हणायची आणि घोरू लागायची. सुनैनाला आधी बरं वाटलं, मग भीती वाटू लागली.

अशात बाबांच्या सन्मानासाठी देवळात गावजेवण होतं. पंगतीत पत्रावळींवर पांढराशुभ्र भात पडला. तृप्तादेवी पेल्यात अमृत घालायला गेली, तर सुजलेल्या बोटांतून कुपी कलली आणि चार थेंब भातावर सांडले. भात काळानिळा झाला.

"बाबाजी, भातातही विष?"

"खताचं आहे, माते."

"भात माझ्या शेतातला. खत म्हणजे माझ्या म्हशीचं शेण. म्हशीला मी अंगदुखीची गोळी देते होय?"

पंगत हसली. सुनैनानं पुढे होऊन कुपी उचलली, हुंगली आणि बाबांच्याच ताटातल्या बटाट्यावर एक थेंब टाकला. बटाटा काळा पडला.

"हे आयोडीन, जखमेवर लावतात ते. भात, बटाटा, पोळी, सगळ्यांत स्टार्च असतो आणि आयोडीन लागलं की तो असाच काळा पडतो. गोळी भुगा होऊ नये म्हणून तिच्यातही स्टार्च घालतात. आठवीच्या मुलांना मी हेच करून दाखवते."

कुपी हातोहात फिरली. जो तो आपल्या पत्रावळीवर थेंब टाकून पाहू लागला. तेवढ्यात बाबा हात न धुताच मागच्या दारानं सटकले.

दुसऱ्या दिवशी पालमपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तृप्तादेवीला तपासलं. "थायरॉइड मंदावलं की सांधेही दुखू शकतात. तुमचे दुखले म्हणून तुम्ही गोळी घेतलीत. आजाराचं नाव मागाहून कळलं, म्हणून दोष गोळीच्या माथी आला. या गोळीनं थायरॉइड होतं, असा पुरावा नाही. अर्थात ती फुटाण्यांसारखी खायची नाही, यकृत बिघडतं. आणि थायरॉइड आणखी बिघडवायचं असेल, तर असं आयोडीन प्यावं."

"म्हणजे अमृतच बाधलं?"

"ते बाधलं आणि औषध सोडलंत, तेही बाधलं."

तृप्तादेवी हळूहळू सावरली. आता पाणवठ्यावर कुणी चमत्कार सांगू लागलं, की ती घागर खाली ठेवते. "एकानंतर दुसरं झालं, म्हणून ते त्याच्यामुळेच झालं असं समजू नका, बायांनो. कुणी रंग बदलून दाखवला तर विचारा, आणखी कशाकशाचा बदलतो? आणि उत्तर मिळेपर्यंत चालू औषध थांबवू नका."