एकतिसाव्या भागातलं हसू

ग्वान यूझेनचं वय सत्तेचाळीस आणि तिच्या आवाजाचं सोळा. गेली बावीस वर्षं ती या आवाजावरच पोट भरत होती. पडद्यावर कुठलीशी कोवळी राजकन्या रुसली, रडली, घोड्यावरून पडता पडता सेनापतीच्या हातात पडली, की आवाज यूझेनचा. सेटवर पंखे, घोडे आणि माणसं यांचा इतका कालवा असतो की तिथलं बोलणं कोणी वापरतच नाही. काही नट तर संवाद पाठ नसले की सरळ एक दोन तीन चार म्हणून मोकळे होतात. मग पेइचिंगच्या पूर्वेला, एका बंद पडलेल्या कापड कारखान्याच्या आवारातल्या स्टुडिओत, यूझेनसारखी माणसं त्या हलत्या ओठांत शब्द भरतात. प्रेक्षकांनाही हे ठाऊक असतं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

या खेपेची मालिका चाळीस भागांची. सेनापती झालेला हान युशेंग छत्तीस वर्षांचा, आणि त्याची नवरी झालेली रुआन मियाओ सोळा वर्षांची. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. नवरी जितकी कोवळी तितकी मालिका जोरात, हे या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. गंमत माइकसमोर होती. हानला आवाज देणारा शाओ फेई चोवीस वर्षांचा. म्हणजे तिकडे वीस वर्षांनी मोठा बाप्या पोरीला ‘माझी चिमणी’ म्हणायचा, आणि इकडे हे कालचं कार्टं आपल्या आईच्या वयाच्या बाईला.

"काय म्हणू, चिमणी की काकू?" शाओ रोज विचारायचा.

"काकू म्हणालास तर थोबाड फोडीन," यूझेन रोज सांगायची. मग चपला काढून चवड्यांवर उभी राहायची, कारण टाचा टेकल्या की तिचा आवाज दहा वर्षांनी म्हातारा व्हायचा.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. शहरात घरं गरम करणारे पाइप पंधरा तारखेशिवाय सुरू होत नाहीत, आणि माइकसमोर जाड कोट घालता येत नाही. त्याची नुसती सळसळ रेकॉर्ड होते. पातळ सुती सदऱ्यात कुडकुडत, थर्मासमधलं नासपतीचं गरम पाणी पीत यूझेन एकतिसाव्या भागाशी आली. मधुचंद्राची रात्र. तिच्या कागदावर लिहिलं होतं: सेनापती केसांतली पिन काढतो, दिवा विझतो. त्याखाली पेनानं नंतर घातलेलं: लाजून हसते.

काम करताना कानात सेटवरचा मूळ आवाज चालू असतो. नटानं श्वास कुठे घेतला, वाक्य कुठे तोडलं, ते कळावं म्हणून. पडद्यावर पिन निघाली, पण दिवा काही विझला नाही. हानची रुंद पाठ कॅमेऱ्याच्या आड आली, तो वाकला, आणि यूझेनच्या कानात मियाओचा खरा आवाज आला. सर्दी झाल्यासारखा, जाडा, शाळेतल्या पोरीचा.

"थांबा."

मग जरा मोठ्यानं, "हे ठरलं नव्हतं, सर. थांबा ना."

मागून एक पुरुष म्हणाला, "चालू द्या, चालू द्या, मस्त चाललंय."

"थांबा, माझी आई कुठे आहे?"

यूझेननं कानावरचा हेडफोन काढून हातात धरला. काचेपलीकडे डबिंगचे दिग्दर्शक फंग सर बसले होते. पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, तिला या धंद्यात त्यांनीच आणलेलं.

"फंग सर, तुम्ही ऐकलंत?"

"काय?"

"पोरगी नको म्हणतेय."

"सेटवर लोक हजार गोष्टी बोलतात, यूझेन. आपण काय पोलीस आहोत? कागदावर काय आहे? लाजून हसते. तोंड त्याच्या खांद्याआड आहे, ओठ जुळवायची पण कटकट नाही. हस आणि पुढे चल."

"पण तिची आई..."

"हे बघ." त्यांनी आवाज खाली आणला. "तू नाही हसलीस तर कंपनीचं मशीन तुझ्या आवाजात हसेल. तीस भागांचा तुझा आवाज आहे त्यांच्याकडे. आणि इथलं बाहेर बोलायचं नाही, या कागदावर सही कोणी केलीय? तू आणि मीच ना? एकदा यादीतून नाव गेलं की गेलं. या वयात तुला दुसरं कोण बोलावणार आहे?"

शाओ शेजारीच उभा होता. एरवी तोंडाला टाळं नसलेलं पोरगं आता आपल्या मोज्यांकडे बघत होतं.

यूझेन चवड्यांवर उभी राहिली आणि हसली. आणि काय सांगू, गोड हसली. एवढंसं, नाकातून निसटलेलं, हवंहवंसं हसू. बाईच्या गळ्यात कसब होतं, त्याला ती तरी काय करणार. त्या पोरीचं ‘थांबा’ तिच्या हसण्याखाली गेलं आणि पुन्हा कोणाला ऐकू येणार नाही असं गेलं.

त्या दिवसापासून बाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. घरी गेली ती कपाट उपसून बसली, सगळे हिवाळी कपडे घड्या घालून पुन्हा मोडले. भाजी आणायला निघाली आणि भाजीवाल्याला ओलांडून दोन चौक पुढे गेली. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी बसवेना. नवऱ्यानं विचारलं, "काय झालंय तुला? मुंग्या चावतायत का?" तर त्याच्यावरच खेकसली. आपण काय, हुकमाचे ताबेदार, असं ती स्वतःला सांगायची आणि दोन मिनिटांनी स्वतःलाच त्याचा राग यायचा. सोळा वर्षांच्या लेकराच्या तोंडावर हात ठेवायचं काम आपण केलंय, याहून वेगळं त्याला नाव नाही, हे तिला कळत होतं.

शुक्रवारी जाहिरात आली, आणि जाहिरातीत नेमकं तेच हसू. लिफ्टमधल्या पडद्यावर तेच, न्हाव्याच्या दुकानात तेच. तिच्या भाचीनं ते पाठवून खाली लिहिलं होतं, ‘मावशी, काय लाजलीयस गं!’ यूझेननं फोन पालथा घातला आणि ओट्याच्या फरश्या घासायला घेतल्या.

पुढच्या गुरुवारी कंपनीनं एक टूम काढली. नायिका आपल्या आवाजाला भेटते, असा छोटा व्हिडिओ करायचा. मियाओ आणि तिची आई अकरा वाजताच स्टुडिओत आल्या. कॅमेरेवाले रस्त्यात अडकले होते. फंग सर त्यांना आणायला खाली फाटकापाशी गेले, आणि माइकच्या खोलीबाहेर, काचेपलीकडच्या फंग सरांच्या टेबलाशी तिघीच राहिल्या.

पडद्यावरची राजकन्या शाळेच्या निळ्या-पांढऱ्या ट्रॅकसूटमध्ये होती. हनुवटीवर एक पुटकुळी, मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक, आणि पाय सारखा हलत. तिची आई च्यू लीफांग, गावाकडे औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. दीड वर्षापूर्वी ते सोडून लेकीमागे सेटवर हिंडत होती. तिनं यूझेनसाठी वाळवलेल्या पर्सिमन फळांची पिशवी आणली होती. ती टेबलावर ठेवायच्या आतच तिचं तोंड सुरू झालं.

"बाई, बरं झालं तुम्ही भेटलात. तुम्हीच समजवा हिला. परवा पुढच्या मालिकेवर सही आहे, हीच जोडी, साठ भाग. आणि ही तोंड फुगवून बसलीय. म्हणे त्या माणसाबरोबर नाही करणार."

"आई, नको ना इथे."

"का नको? बाई काय परक्या आहेत? तुझा आवाज आहेत त्या." ती यूझेनकडे वळली. "म्हणते काय, तर ‘त्या सीनच्या वेळी मी नको म्हणत होते.’ मी तेव्हा तासभर हॉटेलवर गेले होते, हिच्या परीक्षेचे पेपर आणायला. त्यांनीच सांगितलं, जा, दोन तास हिचं काही काम नाही. परत आले तर सगळं आटपलेलं. मी सेटवरच्या दिग्दर्शकांना विचारलं, बरं का. गप्प नाही बसले मी. ते म्हणाले, एक शब्द बोलली नाही, उलट मजेत होती."

"मी बोलले होते," मियाओ म्हणाली.

"कोणाला बोललीस? भिंतीला? चाळीस माणसं होती तिथे, एकानं ऐकलं नाही. तोंड नव्हतं का तुला?"

"बोलले होते मी."

"आणि मग हसलीस कशी? तुझ्या आजोबांनी पाहिलं ते, अख्ख्या गावानं पाहिलं. मान खाली घालावी लागली मला."

"मी नाही हसले."

"मग कोण हसलं, मी?" च्यू लीफांगचा आवाज चिरकला. ती चिडलेली होती खरी, पण त्याहून जास्त घाबरलेली होती. त्या एका तासाचं ओझं तिला पेलवत नव्हतं, आणि लेक हसली असली तर ते थोडं हलकं होणार होतं. "ग्वान बाई काय आपल्या मनानं हसतील? तू हसलीस म्हणून त्या हसल्या. तू जे करतेस तेच त्या करतात. हो की नाही, बाई?"

यूझेन टेबलावरचा थर्मास उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे सरकवत होती. हो म्हटलं की संपलं. परवा सही होईल, तिचं नाव यादीत राहील, साठ भागांचं काम तिलाच मिळेल, आणि त्या साठांतही पेनानं घातलेल्या ओळी असतील. खाली आवारात फंग सर कोणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होते.

मियाओनं पुस्तक मिटलं. पाय हलायचा थांबला.

"जाऊ दे आई," ती अगदी हळू म्हणाली. "कदाचित मी मनातच म्हटलं असेन. आता मलाच नीट आठवत नाही. करते मी सही."

यूझेनला ते ऐकवलं नाही. तिला वाटलं होतं की पोरगी रडेल, भांडेल, आपल्यावर धावून येईल, आणि त्या सगळ्याची तिनं मनाशी तयारी केली होती. पण ही पोर स्वतःचंच बोलणं खोटं ठरवायला निघाली होती. यूझेन उठली आणि फंग सरांच्या खुर्चीत जाऊन बसली. मशीन चालवायचं काम तिचं नव्हतं, पण बावीस वर्षं काचेतून बघत होती. एकतिसावा भाग, मूळ आवाज. स्वतःच्या आवाजाची पट्टी तिनं बंद केली.

"मियाओच्या आई, इकडे या. बसा आधी."

खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर पंख्याची घरघर आली, कपड्यांची सळसळ आली, आणि मग तो सर्दी झाल्यासारखा आवाज आला. थांबा. हे ठरलं नव्हतं, सर. थांबा ना. चालू द्या, चालू द्या. थांबा, माझी आई कुठे आहे?

च्यू लीफांग बसलीच नव्हती. तिनं टेबलाची कड धरली होती, आणि शेवटच्या वाक्याला तिचा चेहरा असा झाला की यूझेनला तिकडे बघवेना.

"पुन्हा लावा," मियाओ म्हणाली.

यूझेननं पुन्हा लावलं. मियाओ स्पीकरच्या अगदी जवळ जाऊन उभी होती आणि प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. "केवढ्यानं म्हणालेय मी," ती म्हणाली. "केवढ्यानं."

तिच्या आईनं तिला जवळ ओढलं, ट्रॅकसूटची चेन उगाचच गळ्यापर्यंत लावून दिली, पुन्हा खाली घेतली, पुन्हा लावली. मग ती यूझेनकडे वळली.

"हे तुम्ही आधी ऐकलं होतं?"

"हो."

"ऐकून मग हसलात?"

यूझेनच्या जिभेवर सगळं आलं होतं. मशीन, यादी, सही केलेला कागद, या वयात कोण बोलावणार. ते तिनं तिथेच गिळलं.

"हो, हसले," ती म्हणाली.

च्यू लीफांग ओरडली नाही. तिनं पर्समधून फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि तो यूझेनसमोर धरला. "हे मशीनमधलं ते आजच पुसून टाकतील. आणि माझ्या पोरीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, मीच ठेवला नाही. तुम्ही सांगा. नावानिशी सांगा."

जिन्यावर बुटांचा आवाज येत होता, फंग सरांचं हसणं आणि कॅमेरेवाल्यांच्या पेट्या. अजून दहाएक पायऱ्या होत्या. यूझेननं टाचा जमिनीवर टेकल्या आणि बोलायला लागली. आवाज तिचा स्वतःचा होता, जाडा, थोडा घोगरा, नवऱ्याला आणि भाजीवाल्यालाच माहीत असलेला. मियाओनं चमकून तिच्याकडे पाहिलं. दार उघडून फंग सर आत आले, फोन बघून जागच्या जागी थांबले, "यूझेन, काय करतेयस तू," म्हणाले. ती थांबली नाही.

"माझं नाव ग्वान यूझेन. वय सत्तेचाळीस. एकतिसाव्या भागात रुआन मियाओ हसलेली नाही. ती तीनदा थांबा म्हणाली. मी ते तिन्ही वेळा ऐकलं, आणि त्याच्यावर मी हसले."