जास्वंदीच्या पानावरचं नाव

धायरीच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर नव्या कोऱ्या गाड्यांची रांग, आत कॉम्प्युटरवाली शिकलीसवरली माणसं हात जोडून बसलेली. समोर सूर्यानंद महाराज.

"झाड इंजेक्शन घेतं का? झाड ऊन खातं! मीही ऊनच खातो. तेच हरितद्रव्य तुमच्या पेशीपेशीत निजलंय. ज्याचं नाव पानावर उमटेल, त्याचं ते जागं झालं. त्यानं औषधं सोडावीत!"

खडकीहून आलेल्या आम्रपालीला किळस आली. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि स्वतःच्याच घरात ही शोभा! तिचा धाकटा भाऊ प्रज्ञेश, दहावीला विज्ञानात पंच्याण्णव मार्क. गेल्या रविवारी उमटलेलं स्वतःच्या नावाचं पान त्यानं लॅमिनेट करून भिंतीवर लावलं होतं. आज त्याच्या बायकोचा, कल्याणीचा नंबर. तिला लहानपणापासून मधुमेह. इन्सुलिनची सुई सुटली, तर चार दिवसांत जिवावर बेतणार.

महाराजांनी ताटात पांढरंफटक पान ठेवलं, वर तांबूस तीर्थ शिंपडलं. काळीनिळी अक्षरं उमटली: कल्याणी. जयजयकार झाला. कल्याणी रडत उठली आणि सुयांची डबी महाराजांच्या पायाशी ठेवून आली.

"ताई, आता तरी पटलं?" प्रज्ञेशनं विचारलं.

"पटलं की! नाव तीन दिवस आधी का कळवायचं, आणि ढगाळ दिवसांत महाराज मौनात का जातात, तेही पटलं."

आम्रपाली तडक व्यासपीठावर चढली. पर्समधल्या ओल्या रुमालातून तिनं तसंच पांढरं पान काढलं आणि कुणी अडवायच्या आत महाराजांचंच तीर्थ त्यावर ओतलं.

अक्षरं उमटली: सुई घे.

"हे मी लिहिलं, शाळेतल्या जास्वंदीवर," ती म्हणाली. "कुंडी दोन दिवस अंधारात ठेवली. मग अक्षरं कापलेला काळा कागद पानाला लावून उन्हात. पानाच्या पेशीत हिरवी हरितलवकं असतात. ती उन्हाच्या जोरावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइडची साखर करतात, तिचंच पिष्ट साठतं. ऊन अक्षरांपुरतं, पिष्टही तेवढंच. स्पिरिटमध्ये पानाचा हिरवा रंग काढला, की आयोडीननं पिष्ट काळंनिळं होतं. हेच ते तीर्थ, दवाखान्याचा वास येतोय, हुंगा की! याची आकृती काढून मार्क मिळवलेत तुम्ही. शी! लाज कशी वाटत नाही?"

"भक्तांनो, ही बाई..." महाराज उसळले.

"अहो महाराज, आपण ऊन खाता ना? मग मघाशी मागच्या खोलीत मला दिसला तो मटारउसळीचा डबा कुणाचा?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आम्रपाली मात्र कल्याणीकडे वळली. "माणसाच्या पेशीत एकही हरितलवक नसतं गं. चमत्कार दिसला, की आधी विचारावं, हे झालं कसं? एवढं केलंस तरी पुरे."

कल्याणीनं पुढे होऊन डबी उचलली. "मला भूक लागलीय, ताई," ती म्हणाली. "आधी सुई घेते."

प्रज्ञेशची मान खाली गेली. "घरातलं ते पान काढून टाकतो."

"मुळीच नाही," आम्रपाली म्हणाली. "राहू दे भिंतीवर. रोज बघ, आणि आज बायको कशापायी जिवानिशी जाणार होती ते आठव."