कॅम्पातल्या जॅझची एकुलती तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे आणि खरं सांगायचं तर आता थकले आहे. कारखान्यात हजारांनी छापतात तसली मी नव्हे. माझं अंग ॲल्युमिनियमचं, त्यावर काळा मऊ लेप. पुण्याच्या कॅम्पातल्या एका क्लबात जॅझचा जलसा रंगला होता. तेव्हा एका यंत्राच्या सुईने तो आवाज तिथल्या तिथे माझ्यावर कोरला. माझी दुसरी प्रत कधी निघाली नाही.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. कुणी पाहुणा आला की क्लबात मला वाजवायचे. लोक ट्रम्पेटवाल्याला वाहवा द्यायचे. पण त्या जड सुया माझा लेप खरवडत जायच्या. वाजण्यासाठी जन्मले आणि वाजूनच झिजले. पुढे लोकांच्या आवडी बदलल्या. अडगळीच्या खोलीत टेनिसच्या फाटक्या जाळीखाली मी वर्षानुवर्षं पडून राहिले. माझ्यावरचा कागद कसरीने खाल्ला. त्याबरोबर वादकांची नावंही गेली.

शेवटी जुन्या बाजारात मला कात्रजच्या रंगनाथरावांनी उचललं. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद होता. जुन्या जॅझ जलशांच्या तबकड्या गोळा करायच्या आणि कोणी, कुठे, काय वाजवलं याची नोंद ठेवायची. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई मला बघून म्हणाल्या, "आणखी एक? आम्हाला बसायला जागा ठेवा म्हणजे झालं."

हिंजवडीत नोकरी करणारी शेफाली शनिवारी त्यांना मदत करायला यायची. तिने मला उजेडात धरलं. "काका, लेप सुटतोय. एकदाच वाजेल."

मी वाजले. सुईमागे माझे कपचे उडत होते. सगळा आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरला आणि माझं काम संपलं. टाळ्यांमध्ये कुणीतरी ओरडलं होतं, "कायतान!" शेफालीने खरखर आणि वाजवण्याआधीचा गोंगाट काढून स्वच्छ प्रत केली.

"मग कॉम्प्युटरमधली ती खरखरीची मूळ प्रत कशाला ठेवतेस? लोणचं घालायचंय?" रंगनाथरावांनी विचारलं.

"असू द्या काका. कुठे अडतेय?"

कॅम्पात चौकशी करता करता येरवड्याच्या फिलोमिनाबाईंचा पत्ता लागला. त्यांच्या वडिलांचं नाव कायतान, आणि ते ट्रम्पेट वाजवायचे. पण कायतान नावाचे वादक तेव्हा बरेच होते.

फिलोमिनाबाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "माझ्या जन्माआधीच पप्पा सायकलवरून पडले. पुढचे दात गेले. दातांशिवाय ट्रम्पेट कसं वाजवणार? मी त्यांना कधी ऐकलंच नाही हो."

शेफालीने स्वच्छ प्रत लावली. बाई हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"छान आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण हे पप्पाच, असं कसं सांगू? मनातून खूप वाटतंय. पण खोटं नाही बोलवत."

रंगनाथरावांचा चेहरा उतरला. नोंदीत नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, एवढंच त्यांच्या हाती होतं. शेफाली उठली आणि तिने कॉम्प्युटरमधली ती मूळ प्रत लावली. खरखर आली, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी हसलं. मग ट्रम्पेट सुरू होण्याआधी एक माणूस खोकला. दोनदा तुटक, मग लांबलचक घसा खाकरणं.

फिलोमिनाबाईंनी शेजारी बसलेल्या दुर्गाबाईंचा हात घट्ट धरला. "परत लावा. तेवढंच परत लावा."

परत लावलं.

"पप्पा! रविवारी चर्चला निघताना अस्संच खोकायचे. आई म्हणायची, या घरात घंटेची गरजच नाही." त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच रडू लागल्या. दुर्गाबाईंनी हात सोडवून घेतला नाही. रंगनाथराव मात्र बराच वेळ शेफालीकडे बघेनात.

आता मी कापडी अस्तराच्या पेटीत उभी असते. फिलोमिनाबाई अधूनमधून येतात, माझ्या कडेवर बोट टेकवतात आणि चहा घेऊन जातात. मला वाजवा असं कधी म्हणत नाहीत. बरं वाटतं. आता माझ्याने होणारही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी तबकडी नाहीतर कॅसेट असेल. तिला ऊन लागू देऊ नका, तिच्यावर ओझं रचू नका. आणि तो आवाज कुणाचा हे सांगणारं माणूस आहे तोवर त्याला शेजारी बसवून ऐकवा. त्या जलशात पियानोवर एक बाई होती. वाजवता वाजवता ती हलकेच गुणगुणायची, तेही माझ्यावर कोरलं गेलंय. रंगनाथरावांनी पुष्कळ शोधलं. तिला ओळखणारं कुणीच उरलेलं नाही.