कृतिकाच्या नावाची ओटी

त्या घरातून विमानात बसलेलं पहिलं माणूस म्हणजे दर्शना. त्यामुळे ती इतिहास शिकायला चाललीय याचं कुणाला काही नव्हतं, परदेशी चाललीय याचंच कौतुक. डोंबिवलीच्या कडेला खाडीलगतचं त्यांचं गाव. भाताच्या शेतांवर टॉवर उभे राहिले, बाप गोपीनाथ दोन गाड्यांचा मालक झाला, पण घरातलं कुणी लांब निघालं की आई अजून गावदेवीपुढे विडा ठेवते.

कॉलेजच्या सुमती मॅडम इतिहासाच्या मुलांना बालीला नेणार होत्या. "तिथेही आपलेच देव आहेत, पण त्यांची रीत आपली नाही. एवढं समजून आलात तरी खूप झालं," असं त्यांनी निघण्याआधी बजावलं होतं. मुलं माना डोलावत होती आणि मनातल्या मनात समुद्रात डुंबत होती.

आईने मात्र लेकीला वेगळाच अभ्यास लावून दिला. थोरली कृतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना सरत आलेला. आईने नव्या खणात मूठभर तांदूळ बांधले आणि बॅगेत कोंबले.

"दर्शू, तिथं देवी दिसली का ओटी भर. नारल तिथंच मिलंल. ताईचा नाव घे. आन परसादाचं दानं आन हां बाय, इसरू नको."

गावात सगळे तिला दर्शूच म्हणत. पुरं नाव फक्त कॉलेजच्या हजेरीपुरतं.

परतीच्या आदल्या दिवशी मॅडम त्यांना एका खेड्याच्या टोकाला, मसणवटीजवळच्या देवळात घेऊन गेल्या. काळ्या दगडाची देवी, डोळे बटबटीत, जीभ बाहेर. "ही दुर्गा," मॅडम म्हणाल्या, आणि दर्शनाचे कान तिथेच मिटले. दुर्गा म्हणजे आपलीच की! अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली ही पोरगी. मॅडम पुढे काय सांगताहेत ते ऐकायचं सोडून ती सगळ्यांच्या मागे राहिली, देवीपुढे खण-नारळ ठेवला, तांदूळ वाहिले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, "कृतिकाच्या नावाने ओटी भरतेय गं आई. तिला सांभाळ." मग रीतीप्रमाणे देवीच्या मांडीवरचे चार दाणे उचलून ओढणीच्या टोकाला गाठ मारली.

वळून पाहते तर त्यांचा वाटाड्या, वायान नावाचा म्हातारा, उभा.

"कुणाचं नाव घेतलंस?" त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"बहिणीचं. तिला बाळ होणार आहे."

म्हाताऱ्याने देवीपुढच्या तांदळांकडे पाहिलं. मग म्हणाला, "पोरी, या गावात इथे फक्त गेलेल्यांची नावं घेतात. ही आई त्यांना पदरात घेते. ज्याचं नाव दिलं, ते तिचं झालं." आणि हलक्या आवाजात, "इथलं काही घरी नेऊ नकोस. निघताना मागे वळून बघू नकोस."

दर्शनाचा हात ओढणीच्या गाठीकडे गेला. गाठ सोडावी असं तिला वाटलंही, पण मैत्रिणी बसमधून हाका मारत होत्या, आणि आई पहिल्यांदा प्रसादच मागणार होती. तिने मुकाट्याने मान हलवली आणि गाठ तशीच ठेवून चालू लागली. बसच्या पायरीवरून तिने मागे वळूनही पाहिलं.

घरी आल्यावर प्रसादाचं विचारणं आलंच. "विमानतळावर काढून घेतला," असं तिने ठोकून दिलं आणि ओढणी बॅगेच्या तळाशी दडपली. का दडपली, फेकून का दिली नाही, ते तिला सांगता आलं नसतं. देवाचे दाणे फेकायचे नसतात, एवढंच तिला लहानपणापासून ठाऊक.

त्याच आठवड्यात कृतिकाचे पाय सुजले. बीपी चढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके ठीक आहेत, पण लक्ष ठेवा, आणि हिला कसलाही धक्का देऊ नका. कृतिका झोपेत कुणाशी तरी बोलायला लागली. "येते, येते," म्हणायची आणि सकाळी तिला काही आठवायचं नाही. देवादिकांचं जाणणारी थोरली आत्या ठमाबाई तिच्या उशाशी बसून ते बोलणं ऐकत राही आणि दर्शनाकडे टक लावून पाही. दर्शनाला त्या नजरेची भीती वाटायला लागली.

रविवारी माहेरची ओटी भरायची ठरली होती. गच्चीवर मांडव, गावभरच्या बायका, हिरव्या साडीतली कृतिका पाटावर. दर्शना जवळ गेली तशी तिने हळूच हात धरला.

"सकाळपासून हललंच नाही गं. हे आटोपलं की डॉक्टरकडे जाऊया. आईला बोलू नको आताच."

तेवढ्यात आई ताट घेऊन आली, चेहरा आनंदाने फुललेला.

"आमची दर्शू लबाड! धुवायला ओढणी काढली तं गाठीत दानं! बालीच्या देवीचा परसाद हाय, बायांनो. देव तारी त्याला कोन मारी!"

आणि त्या दाण्यांसकट ताटातल्या तांदळांची ओंजळ कृतिकाच्या पदरात पडली. ते चार दाणे कुठले, आता कुणालाही ओळखता आले नसते. कृतिकाचा चेहरा पांढरा पडला. घाम फुटला. "किती गार लागतंय," ती पुटपुटली.

खरं सांगावं तर ताईला धक्का, गप्प बसावं तर ताईच जाणार. दर्शना पाटासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने आपली ओढणी पसरली.

"ताई, तुझी ओटी मला दे. सगळी."

बायका हसायला लागल्या. "कुवारी पोर ओटी मागतं! गोपीनाथ, पोरीला नवरा बघ रं!" आईही हसली. ठमाआत्या तेवढी हसली नाही. ती पुढे आली, कृतिकाचा पदर उचलला आणि सगळा तांदूळ दर्शनाच्या ओढणीत ओतला.

"नाव बदल," आत्या तिच्या कानाशी म्हणाली.

दर्शनाने डोळे मिटले. "कृतिका नाही," ती ओठातल्या ओठात म्हणाली, "दर्शना."

"अगं बाई!" कृतिका एकदम दचकली. दोन्ही हात पोटावर. "लाथ मारली! केवढ्याने मारली!" तिच्या गालांवर रंग आला, आईने डोळ्यांना पदर लावला आणि बायकांनी गाणं धरलं.

कुणाचं लक्ष नव्हतं. दर्शना ओढणी सावरत जिना उतरली. तांदूळ ओंजळभरच, पण घागर उचलल्यासारखा जड लागत होता. खाडीत सोडावा, असं तिने ठरवलं. अंगणात भर दुपारचं ऊन होतं आणि तिला थंडी वाजत होती. या वेळी मागे बघायचं नाही, ती स्वतःला बजावत होती.

फाटकापाशी मागून हाक आली. बाईचा आवाज, मायेचा.

"दर्शना."

वर गच्चीवर गाणं चाललं होतं. आई, आत्या, ताई, सगळ्याजणी तिथेच होत्या. आणि त्यांच्यातली एकही तिला दर्शना म्हणत नव्हती.