एका माणसाच्या दोन आया

ब्रूनो खोटारडा आहे, असं मी तार वाचताक्षणीच ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा, आधी तापायचं आणि मग विचारायचं.

१९५७ साल. कतारमध्ये, दुखानच्या तेलक्षेत्रावर, एका ठेकेदार कंपनीत मी रजांचा कारकून होतो आणि ब्रूनो इटालियन वेल्डर. तारेत होतं, 'आई अत्यवस्थ.' आणि त्याच्या फाइलीत माझ्याच हातचं लिहिलेलं, आई बाळंतपणात वारली! वर हाच रजेसाठी माझ्या टेबलावर मुठी आपटतोय. चोर तो चोर, वर शिरजोर.

मी फाइल त्याच्यापुढे आपटली. तो माझी पेन्सिल घेऊन कागदावर नावं मांडू लागला. पाद्रे म्हणजे बाप, त्याच्यावर नोन्नो, आजा, त्याच्यावर बिझनोन्नो, पणजा. सात पिढ्या, कुठे अडखळणं नाही. मला पणजोबापुढे एक नाव येत नाही. लाजच वाटली.

आईच्या नावापुढे त्याने क्रूस काढला. शेजारी तितक्याच ठळक अक्षरांत दुसरं नाव लिहिलं, आसुंता.

"मादरे दी लात्ते," तो म्हणाला. मग मोडक्या हिंदीत, "इसका दूध पिया."

दूधआई! अरे, आमच्यात तर दूधबहिणीशी निकाहसुद्धा होत नाही. वंशावळीत दूधआईला आईशेजारी बसवणारा हा माणूस मला एकदम मोठा वाटला.

साहेबाला मात्र पटेना. "फॉर्ममध्ये आई एकच असते. तुझा एवढा विश्वास असेल तर जामीन राहा. खोटं निघालं तर तूही घरी."

टायपिस्ट कमाल माझ्या कानाशी लागला. "इलियासभाई, सही करू नका. घरी पाच तोंडं हायत तुमच्या. खलास व्हाल."

मी सही केली. कमालकडे बघायचं मात्र टाळलं, खोटं कशाला सांगू?

महिन्याने ब्रूनो परतला. तो पोचला तेव्हा आसुंता शुद्धीत होती. तिसऱ्या दिवशी गेली.

"कबरीपाशी मी मागे उभा होतो," तो म्हणाला. "तिच्या पोटच्या तिघांनी मला हाताला धरून पुढे आणलं. म्हणाले, पहिली मूठ तुझी. थोरला तू."